केसपेपरवरचा जिना

तुमच्या इमारतीला गेल्या खेपेला रंग लागला तेव्हा बांबूवर चढलेल्या माणसांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला आज आठवतं का? रंगाच्या छटेचं नाव आठवत असेल. त्या छटेवरून सोसायटीच्या सभेत झालेलं भांडणही आठवत असेल. मलाही छटाच पाठ होती. माणसांपैकी मी एकीलाच ओळखत होते, आणि तेही ती आमच्या खिडकीशी पाणी मागायला यायची म्हणून.

मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची इमारत आहे. आम्ही तळमजल्यावर राहतो. त्या वर्षी दिवाळीनंतर बाहेरच्या भिंतींचं प्लास्टर खरवडून नवं करायचं आणि मग रंग द्यायचा, असं ठरलं. आठवड्याभरात इमारतीभोवती परांची उभी राहिली. बांबूला बांबू सुंभानं आवळून बांधलेले, मजल्या-मजल्यावर आडव्या फळ्या टाकलेल्या. आमच्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. खिडकीतून माणसं दिसायची नाहीत, नुसती पावलं दिसायची, अनवाणी आणि सिमेंटनं पांढरी झालेली. बांबूवर चप्पल घालून चढत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.

पाणी मागायला येणाऱ्या त्या मावशींची पावलं आईला ओळखू यायची. मावशी बिगारी होत्या. भिंतीवर थापी फिरवणारा तो मिस्त्री, आणि त्याच्या हाताशी सिमेंट-वाळूचा माल नेऊन देणारी ती बिगारी. पन्नाशीला टेकलेल्या, जालन्याकडच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. डोक्यावर भरलेलं घमेलं, एक हात घमेल्याला, एक हात बांबूला. नव्या फळीवर वजन टाकण्याआधी त्या टाचेनं दोनदा ठोकून बघायच्या. आईला तो ठोका ऐकू आला की ती पाण्याचा तांब्या भरून खिडकीत ठेवायची.

आईनं एकदा विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?"

"वाटती ना. म्हणून तर ठोकून बघते, बाई. तुमच्या सोसायटीवाल्यायला वाटत न्हाई, ते बघा, खालून हात करून सांगतेत, अजून थोडं वर, अजून थोडं वर."

आई हे मला सांगताना हसत होती. आठ दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मी अंधेरीला एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात मुद्रितं तपासत बसले होते. आई म्हणाली, "मावशी पडल्या." दुसऱ्या मजल्यावरून, फळीसकट. सकाळी ठोकून पाहिलेली फळी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी पलीकडे सरकवायला म्हणून सोडली होती आणि परत बांधली नव्हती. आई बाहेर धावली तोवर मुकादमानं आणि दोन मिस्त्रींनी त्यांना रिक्षात घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम नेहमीच्या वेळेला सुरू झालं.

माझं बालपण पत्रकांत गेलं. आजोबा गिरणीत होते आणि बाबा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. घरात पिठाच्या डब्याखालीसुद्धा पत्रक अंथरलेलं असायचं. बालभारतीच्या आधी मी "जाहीर निषेध" वाचायला शिकले. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. त्या संध्याकाळी मी एक पान लिहून काढलं. "आपल्या भिंतींवर कुणाचं रक्त आहे?" असं त्याचं शीर्षक होतं. सोसायटीच्या सूचनाफलकावर ते लावलं आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन मी दवाखान्यात गेले.

महापालिकेच्या रुग्णालयात, बायकांच्या हाडांच्या वॉर्डात, मावशी उताण्या पडल्या होत्या. उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं, पायाला वजन बांधून लोंबतं सोडलं होतं. मनगटाला प्लास्टर होतं. मला बघून त्या म्हणाल्या, "तांब्यावाल्या बाईची पोरगी ना तू? बस. त्या खुर्चीवर नको बसू, तिचा पाय माह्यासारखाच हाये."

उशाशी केसपेपर होता. मी तो उचलून वाचला. वय, पत्ता, आणि पुढे डॉक्टरच्या अक्षरात एक ओळ होती. घरी जिन्यावरून पडली.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. मावशींनी मान दुसरीकडे फिरवली.

"कुणी लिहिलं हे?"

"डॉक्टरीणबाईनं. म्याच सांगितलं तसं."

"का पण?"

त्यांनी सांगितलं ते असं. मुकादम त्यांच्याच गावचा, नात्यानं दीर लागणारा. मुंबईत त्यांना पहिलं काम त्यानंच दिलं होतं, मुलीचं स्थळही त्यानंच आणलं होतं. रिक्षातून उतरवताना तो हात जोडून म्हणाला होता, "वहिनी, घरी पडले म्हणा. कामावर पडले म्हटलं की पोलीस येतेत. काम बंद पडंल. पंधरा माणसायची रोजी जाईल आन् ठेकेदार मला पुन्हा उभा करायचा न्हाई." मावशींना तेव्हा पायाची कळ सहन होत नव्हती. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठे पडलात? त्यांनी जिना सांगितला.

नंतर मला कळलं की ही फक्त मावशींची चूक नव्हती. नाक्यावरची माणसं गावाच्या धाग्यानं कामावर येतात, आणि पडली की त्याच धाग्याला जपतात. परांचीवरून पडलेला प्रत्येक दुसरा माणूस कागदावर मोरीत घसरतो, नाहीतर जिन्यावरून पडतो. कुणी धमकावलेलं नसतं. आपल्या माणसानं हात जोडलेले असतात.

"मावशी, तुमच्या घराला जिना आहे?" मी विचारलं.

"माह्या खोलीला उंबरासुद्धा न्हाई, पोरी."

घरी परतले तर सूचनाफलकावर माझं पत्रक नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी काका फाटकाशी उभे होते. निवृत्त माणूस, कडक, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "तुझ्या बापाची पत्रकं मी खूप वाचली आहेत. त्यानं कधी माझ्या फलकाला खिळे मारले नाहीत."

"काका, बाई मरता मरता वाचलीय."

"कळलंय मला ते. तुला एकटीलाच कळतं का सगळं?"

आणखी दोन दिवसांनी ती बाजू मोकळी झाली. ठेकेदाराच्या माणसांनी त्या भिंतीवरचे बांबू सोडून नेले. जिथून मावशी पडल्या ती जागा आता स्वच्छ भिंत होती. माझ्या पत्रकानं ठेकेदाराला सावध केलं होतं, आणि माझ्याजवळ त्या फळीचा एकही फोटो नव्हता.

हे मला घाटकोपरच्या वकीलबाईंनी सांगितलं. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली आहे आणि शनिवारी त्या कामगारांसाठी बसतात. मी सगळी हकीकत तावातावानं सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पत्रक छान लिहितेस?"

"लिहिते."

"मग यापुढे शेवटी लिही. आधी फोटो काढायचा. बांबूचा, फळीचा, सुटलेल्या दोरीचा, आसपास कोण उभं होतं त्यांचा. मग दवाखाना, मग मी, आणि मग तुझं पत्रक. उलट्या बाजूनं सुरुवात केलीस तू."

मी पिशवीतून वही काढली. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी वहीत उतरवून घेतलं. ती वही मी अजून वापरते, म्हणून इथे सांगते.

नुकसानभरपाईच्या कायद्यात चूक कुणाची हे मुळात सिद्ध करावं लागत नाही. फळी कुणी सोडली, दोरी कुजकी होती का, बाईनं बघून पाय टाकायला हवा होता का, यावर भरपाई अडत नाही. दोनच गोष्टी दाखवाव्या लागतात. ती त्या ठेकेदाराकडे कामाला होती, आणि काम करताना, कामामुळे तिला इजा झाली. पगारपत्रक नसलं, रोजंदारी असली, नाक्यावरून उचललेलं माणूस असलं तरी हक्क जात नाही. अर्ज कामगार न्यायालयात जातो. तिथले न्यायाधीश भरपाईचे आयुक्त म्हणून बसतात. आमच्या वेळी लागू असलेल्या कायद्यात अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती. आता जुने कायदे गुंडाळून नव्या संहिता आल्या आहेत, तेव्हा मुदत आणि कलम ज्याचं त्यानं वकिलाकडून विचारून घ्यावं, आणि लवकर विचारावं. सरकारी रुग्णालयातून कायमच्या अपंगत्वाचा दाखला घ्यावा लागतो, कारण भरपाई त्यावर ठरते.

"पोलिसात?" मी विचारलं.

"तक्रार द्यायची. हलगर्जीपणाची. ती वाट वेगळी आहे, तिच्या निकालासाठी भरपाईचा अर्ज थांबवायचा नाही. आणि बांधकाम मजुरांचं कल्याणकारी मंडळ आहे. तिथं नोंद आहे का बाईंची?"

नोंद नव्हती. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि मावशींनी वीस वर्षं केलं तरी तो दाखला कुणी दिला नव्हता. प्रत्येक ठेकेदार म्हणायचा, माझ्याकडे तर तू दहाच दिवस होतीस. "नोंद असती तर मंडळाकडून आणखी मदत मिळाली असती," वकीलबाई म्हणाल्या, "पण नोंद नाही म्हणून भरपाईचा हक्क बुडत नाही. हे तिला नीट सांग. लोक इथेच घाबरून परत जातात."

ठेकेदाराला नोटीस गेली. उत्तर आलं ते दोन ओळींचं. सदर महिला आमच्याकडे कधीही कामास नव्हती. ती स्वतःच्या घरी जिन्यावरून पडल्याचे रुग्णालयाच्या नोंदीवरून स्पष्ट होते.

आता सगळं त्या एका ओळीवर येऊन ठेपलं. मावशी आमच्या भिंतीवरून पडल्या हे खरं ठरणार, की त्या कधी तिथं नव्हत्याच हे खरं ठरणार? वीस वर्षं या उपनगरांत त्यांनी डोक्यावरून माल वाहिला होता, आणि कागदावर त्यांच्या नावानं काय होतं, तर त्यांच्याकडे नसलेला जिना.

अर्जासाठी हकीकत लिहून द्यायची होती. ती मी लिहिली. वकीलबाईंनी चालेल म्हटलं तर त्या ती कायद्याच्या भाषेत बसवणार होत्या. मी चार पानं भरली. त्यात एक वाक्य असं होतं, की रुग्णालयातील डॉक्टरांनी ठेकेदाराशी संगनमत करून खोटी नोंद केली. मला ते वाक्य फार आवडलं होतं. शिवाय त्यानं मावशींची अडचण सुटत होती. खोटं डॉक्टरनं लिहिलं म्हटलं की मावशींना खोटं बोलल्याचं कबूल करावं लागत नव्हतं.

मावशी तोवर घरी आल्या होत्या. मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी एका गल्लीत त्यांची खोली आहे. खरोखर, उंबरा नाही. वॉकर भिंतीला टेकून ठेवला होता. मी त्यांना पानं वाचून दाखवली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. त्या वाक्यापाशी त्यांनी डोळे उघडले.

"हे काय म्हणालीस? संग... काय?"

"संगनमत. म्हणजे डॉक्टरीणबाई ठेकेदाराला सामील होत्या."

"ती कशी सामील व्हईल? ती तर पोरगी, तुझ्याएवढी. तिनं मला दोनदा इचारलं, मावशी, घरीच पडलात ना? नक्की? ती माझा पाय धरून उभी व्हती. तिचं नाव खोट्यात घालायचं व्हय?"

"मावशी, नाहीतर ते म्हणतील तुम्ही खोटं बोललात."

"म्हणू दे. बोल्लेच व्हते."

"केस पडेल."

"हाड मोडलं ते जोडलं ना? काढ ते. पुसून टाक."

मी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला. न्यायासाठी लढताना एवढं चालतं, समोरचा किती खोटं बोलतोय ते बघा, त्या डॉक्टरचं काही वाकडं होणार नाही. हे सगळं मी बोलले. आज लिहिताना लाज वाटते, पण बोलले. मावशी माझ्याकडे हाताखालच्या नव्या पोरीकडे बघावं तसं बघत होत्या, जिला अजून घमेलं धरता येत नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "एक फळी ढिली ठिवली की मग समदी परांची हालती. तू मला दुसरी ढिली फळी देऊ नको."

मी ते वाक्य खोडलं. वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "धोका आहे. उलटतपासणीत तिला सोलतील. पण ती टिकणार असेल तर मी आहे. मुकादमानं सांगितलं म्हणून खोटं बोलले, असं तिला म्हणावं लागेल. म्हणेल?"

तिथं मावशी अडल्या. आठ दिवस त्या काही बोलल्या नाहीत. ठेकेदाराबद्दल त्यांना काहीच वाटत नव्हतं. त्याचा चेहराही त्यांनी दोनदाच पाहिला होता. पण मुकादमाचं नाव कोर्टात घेणं म्हणजे गावात, मुलीच्या सासरी, सगळीकडे ते जाणार होतं. नवव्या दिवशी त्यांनी शेजारच्या बाईच्या फोनवरून मला बोलावलं. "सकाळी रिक्षा घिऊन ये," म्हणाल्या. "नाक्यावर जायचंय."

नाका म्हणजे सकाळी कामगार उभे राहतात तो रस्त्याचा कोपरा. आम्ही पोचलो तेव्हा शंभरेक माणसं होती. ब्रश घेतलेले रंगारी, थापी-ओळंबा घेतलेले मिस्त्री, डब्याच्या पिशव्या धरलेल्या बायका. रिक्षातून वॉकर आधी उतरला आणि मग मावशी. बायकांनी त्यांना गराडा घातला. एक म्हणाली, "काय गं, गाडी घेतली का चार पायाची?" मावशी म्हणाल्या, "हाव, पेट्रोल लागत न्हाई." सगळ्या हसल्या.

मुकादम चहाच्या टपरीपाशी होता. मावशी वॉकर टाकत टाकत त्याच्यापर्यंत गेल्या. मी मागे राहिले. मला वाटलं होतं त्या ओरडतील. माझ्या डोक्यात त्या प्रसंगाचं पत्रक तयारही झालं होतं. पण त्या एवढ्या हळू बोलल्या की मला दोन पावलं पुढं सरकावं लागलं.

"भाऊजी, कोर्टात मी खरं सांगणार हाये. तुम्ही घरी पडले म्हणा म्हणलं, ते पण. माघारी कळायला नको म्हणून तोंडावर सांगायला आले."

मुकादमानं कप खाली ठेवला. "वहिनी, मला पुन्हा काम मिळायचं न्हाई."

"मला पण न्हाई मिळायचं."

तो त्यांच्या पायाकडे बघत राहिला. मावशींनी त्याच्या बायकोची चौकशी केली, तिच्या दम्याचं औषध चालू आहे का विचारलं, आणि वॉकर वळवला. मी मोर्चे पाहिलेत, भाषणं ऐकलीत, बाबांच्या मांडीवर बसून घोषणा दिल्यात. पण ज्याचं नाव घ्यायचं त्याला आधी तोंडावर जाऊन सांगणारं माणूस मी त्या सकाळीच पाहिलं.

राहिलं ते मावशी आमच्याकडे कामाला होत्या हे दाखवणं. आमच्या इमारतीत निदान तीन स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्या भिंतीला आहेत, आणि त्या दुपारी तिन्हींत माणसं होती. मी तिन्ही दारं वाजवली. एका घरात नुसता चहा मिळाला, एका घरात "आमच्या मुलाचं लग्न आहे गं, कोर्ट नको," तिसऱ्या घरात "आवाज आला, दिसलं काही नाही." आईनं फक्त फळीचा आवाज ऐकला होता, पडताना पाहिलं नव्हतं. ती साक्षीला आली, तेवढंच आणि पाणी द्यायची ते सांगितलं, पण अर्ज लिहिणारीच्या आईच्या एकटीच्या शब्दावर भागणार नव्हतं.

मग वकीलबाईंनी विचारलं, "तुमच्या फाटकावर वही असते ना? येणाऱ्या-जाणाऱ्याची?"

असते. आणि ती सेक्रेटरी काकांची आहे. आमच्या वॉचमनला त्या वहीचा जाच होता. दूधवाल्यापासून केबलवाल्यापर्यंत प्रत्येकाचं नाव, काम, इन, आऊट. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा. आम्ही पोरं त्या वहीची टिंगल करायचो, काकांना जावयाची सुद्धा सही घेता का म्हणून चिडवायचो. काका म्हणायचे, "घेतो. तुझीही घेईन."

पण सोसायटीलाही अर्जात सामील केलं होतं, कारण काम तिनं दिलं होतं. त्यामुळे वही देणं म्हणजे काकांनी स्वतःच्या सोसायटीविरुद्धचा कागद स्वतःच्या हातानं नेणं. वही हजर करण्याचा न्यायालयाचा हुकूम आला तेव्हा समितीतले दोघं त्यांना म्हणाले, जुन्या वह्या रद्दीत गेल्या म्हणून सांगा, कोण बघायला येतंय. मी हे आईकडून ऐकलं आणि ठरवून टाकलं की वही आता गेली.

तारखेच्या दिवशी काका पांढरा बुशशर्ट घालून, कापडी पिशवीत वही घेऊन वेळेआधी कोर्टात बसले होते. मी थक्क होऊन बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "काय बघतेस?" ते म्हणाले. "मी वही जाळण्यासाठी नाही ठेवत."

वहीत त्या तारखेच्या पानावर मावशींचा अंगठा होता. नाव वॉचमनच्या अक्षरात, कामाच्या रकान्यात "बिगारी, प्लास्टर", आणि खाली ठेकेदाराचं नाव. इनची वेळ सकाळची. त्या दिवशी आलेल्या बाकी सगळ्यांच्या पुढे आऊटची वेळ होती. मावशींच्या पुढची जागा कोरी होती. त्या फाटकातून नोंद करून बाहेर पडल्याच नव्हत्या. त्यांना उचलून नेलं होतं.

न्यायाधीशांनी ते पान बराच वेळ पाहिलं. आधीची पानंही उलटली. अकरा दिवस, अकरा अंगठे.

मग मावशींची उलटतपासणी झाली. ठेकेदाराचा वकील चांगला तयारीचा होता. त्यानं केसपेपर पुढं धरला.

"डॉक्टरांना तुम्ही घरी जिन्यावरून पडले असं सांगितलं होतं?"

"सांगितलं व्हतं."

"ते खरं होतं?"

"न्हाई. खोटं व्हतं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"तवा बोल्ले. मुकादम माझा दीर लागतो, त्यानं सांगितलं म्हणून बोल्ले. डॉक्टरीणबाईचा काही दोष न्हाई. आता खरं बोलते."

"आता पैशासाठी खोटं बोलत नाही कशावरून?"

मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, पैशासाठी खोटं बोलायचं असतं तर म्या पहिलं खोटंबी नसतं कबूल केलं."

वकिलानं कागद चाळले. तेव्हा न्यायाधीशांनीच विचारलं, "बाई, तुमच्या घराला जिना किती पायऱ्यांचा आहे?"

"एक पण न्हाई, साहेब. जमिनीलगत खोली हाये. कुणालाबी पाठवा बघायला. च्या करते."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी ते उत्तर शब्दन् शब्द लिहून घ्यायला सांगितलं.

मुकादमाला ठेकेदारानं साक्षीला बोलावलं होतं. ती बाई आमच्याकडे नव्हती, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. तो आला, पिंजऱ्यात उभा राहिला, मावशींकडे बघितलं. "व्हती," म्हणाला. "माझ्याच हाताखाली व्हती." मी त्याला मनातल्या मनात वर्षभर शिव्या घातल्या होत्या. त्या परत घेताना मला त्रास झाला, पण घेतल्या.

निकाल मावशींच्या बाजूनं लागला. अपघात आमच्या इमारतीवर, ठेकेदाराचं काम करताना झाला असं न्यायालयानं मान्य केलं आणि भरपाई ठेकेदारावर बसवली. सोसायटीला मात्र वगळलं. इमारती दुरुस्त करणं हा सोसायटीचा धंदा नाही म्हणून. मी त्यावर चिडले. वकीलबाई म्हणाल्या, "चीड. लिही त्यावर. आता तुझी पाळी आहे."

मावशींचा पाय बोटभर आखूड राहिला. घमेलं आता उचलवत नाही. मुकादम त्यांच्याशी बोलत नाही, पण त्याची बायको येऊन जाते. अजूनही सकाळी मावशी काठी टेकत नाक्यावर जातात, कारण घरी बसून त्यांना करमत नाही. कामाला निघालेल्या बायकांना त्या काठी आडवी धरून अडवतात आणि विचारतात, "पडलीस तर डॉक्टरला काय सांगशील?" बायका कंटाळून म्हणतात, "जिथं पडले तिथं." "आन् मुकादम पाया पडला तर?" "तरी जिथं पडले तिथं." मग त्या काठी बाजूला घेतात.

त्यांचं काम त्या करत आहेत. तुमचं काम मी सांगते. तुमच्या इमारतीला किंवा समोरच्या इमारतीला आत्ता बांबू लागले असतील, तर उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत खाली उतरा. त्या माणसांपाशी बसा आणि एवढंच सांगा: इथं काही झालं तर दवाखान्यात इथलंच ठिकाण सांगा, मी अमुक मजल्यावर राहते, साक्षीला मी येईन. स्वतःचा फोन नंबर कागदावर लिहून द्या. आणि बोलावणं आलं तर घरात लग्न असलं तरी जा.